अप्पावाक्य

लाल रेघ उमटली तेव्हा मी विहिरीत होतो. म्हणजे देहानं मी नवीन जालन्यातच होतो, बियाणे कंपनीच्या पहिल्या मजल्यावर, कूलरच्या तोंडाशी. पण मे महिन्यातल्या दुपारी ओल्या वाळ्याचा वास नाकात गेला की मी हटकून आमच्या शेतातल्या विहिरीत उतरतो. एकेक पायरी थंड होत जाते. तळाशी एक मासा राहतो, तो मला नावानं हाक मारतो. ही गोष्ट मी उभा जन्म सांगत आलोय, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर बँकेच्या साहेबालाही, आणि एकानंही मला कधी विचारलं नाही की अंगदराव, तुम्ही म्हणता ते कशावरून? लोक भले असतात. ऐकतात, हसतात, तंबाखू पुढं करतात. त्या दुपारी मासा नुकता तोंड उघडत होता आणि पडद्यावर, मी लिहिलेल्या ओळीखाली, ती रेघ आली. बारीक, नागमोडी, डोळ्यात केस गेल्यावर खुपावं तशी खुपली. तिच्याखाली मशीननं एक वाक्य टाकलं होतं. त्याचा आपल्या भाषेत अर्थ एवढाच, की हे पाकीट नराचं आहे, कशावरून?

झालं होतं असं. सकाळी गोदामाच्या पुंजारामनं मागचा रॅक उघडला आणि बोंब मारली. आमची कंपनी कापसाचं संकरित बियाणं करते. त्यासाठी शेतकऱ्याला दोन पाकिटं द्यावी लागतात, एक नराच्या वाणाचं, एक मादीच्या. दोन्ही वेगवेगळ्या ओळींत पेरायची. फुलं लागली की बाया संध्याकाळी मादीच्या कळीतलं पुंकेसर नखानं खुडतात, वर लाल कागदाची टोपी घालतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल आणून तिच्यावर फिरवतात. महिना-दोन महिने हेच. आता गंमत अशी की बी हातात घेतलं तर दोन्ही सारखंच. वर औषधाचा गुलाबी लेपही एकच. फरक काय तो पाकिटावरच्या नावात. आणि यंदा चिकटपट्टीची लेबलं संपली म्हणून पुंजारामनं साध्या कागदावर नावं छापून घेतली आणि मैद्याची खळ शिजवून चिकटवली. बियाण्याच्या गोदामात! उंदरांचं तर लग्नच लागलं म्हणायचं. पण उंदीर हुशार. औषध लावलेल्या बियाला त्यांनी तोंड लावलं नाही. बी सोडलं आणि नाव खाल्लं.

अख्खा रॅक बिननावाचा. खाली गाडी उभी, अंबडकडचे शेतकरी सकाळपासून पायरीवर बसलेले. मालक अण्णासाहेब वर आले, कपाळावरचा घाम बोटानं निपटला आणि म्हणाले, "अंगदराव, लेबलं परत छापा. पुंजारामला समदं ध्यानात हाये."

"डाव्या अंगाला नर, उजव्या अंगाला मादी," पुंजाराम दारातूनच म्हणाला. "बिलकुल पक्कं. माझी नजर गेली आसंल, याददाश न्हाई गेली."

"रॅक झाडायला काढल्ता ना मधी?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"काढल्ता. तसाच लावला परत."

"तसाच म्हंजे तुझ्याकडं तोंड करून का भिंतीकडं?"

पुंजारामनं दोन्ही हात पुढं करून बघितले, जणू डावा कुठला ते त्यांनाच विचारावं. "तसाच," तो म्हणाला.

मला पटलं. मला काहीही पटतं, तो माझा धंदा आहे. मी ओळ लिहायला घेतली: डावीकडचं प्रत्येक पाकीट नर, उजवीकडचं मादी, छाप. आमच्या वेळी एवढं लिहिलं की काम झालं. मी उसाच्या कारखान्यावर प्रोग्राम लिहीत होतो तेव्हा मशीनला सगळे आकडे सारखे. वजन हा आकडा, तारीख हा आकडा, बैल हाही आकडाच. एकदा बैलांत तारीख मिळवली गेली आणि एका गाडीला सव्वीस बैल छापून आले. मुकादमानं तक्रार केली म्हणता? तो कागद खिशात घालून छाती काढून फिरला, त्याला सोयरिकी आल्या. हवेतच इतका गोडवा असायचा की एका हंगामात मुंग्यांनी कीबोर्डवरचं एक अक्षर उचलून वारुळात नेलं आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, मी त्या अक्षराशिवाय प्रोग्राम लिहिले. ते चालले. सगळं चालायचं. मशीन माझ्यासारखंच होतं, कशातही काहीही मिळवा, नाही म्हणायचं नाही.

हे नवं मशीन, म्हणजे मशीन तेच, त्यातली भाषा नवी, माझ्या मुलीनं आणली. आकांक्षा. पुण्याहून शिकून आली आणि अण्णासाहेबांना म्हणाली, तुमचा सगळा कारभार मी नव्यानं लिहून देते. या भाषेत प्रत्येक वस्तूला तिचा प्रकार सांगावा लागतो आणि एकदा सांगितला की तो बदलता येत नाही. नराचं पाकीट हा एक प्रकार, मादीचं पाकीट हा दुसरा. प्लॉट म्हणजे बियाणं पिकवायचं रान; ते बनतं एका नरातून आणि एका मादीतून, तेही एकाच संकराच्या जोडीतल्या. दोन नर दिले तर प्रोग्राम चुकत नाही. प्रोग्राम बनतच नाही. कंपायलर म्हणून एक तपासनीस बसवलेला असतो, तो आधी सगळं वाचतो आणि एवढंसं विसंगत दिसलं तरी लाल रेघ ओढतो. उन्हाळ्याचे सुरुवातीचे महिने तिनं या रेघांशी भांडण्यात घालवले. अण्णासाहेब रोज डोकावून जायचे. "निस्तं न्हाईच म्हनून राह्यलंय का ते अजून? ह्याच्यापेक्षा माझी सून बरी, ती दिवाळीला तरी व्हय म्हनती." आकांक्षा हसायची नाही. ती म्हणायची, "काका, ते आता नाही म्हणतंय म्हणून शेतात कुणी नाही म्हणणार नाही."

आणि एक गोष्ट तिनं मला सांगितली ती मला अजून नीट उमगली नाही. तिच्याच भोवती मी दुपारभर घिरट्या घालतो. ती म्हणाली, अप्पा, हे प्रकार फक्त तपासणीपुरते असतात. तपासणी झाली, प्रोग्राम चालू झाला, की ते पुसले जातात. चालणाऱ्या प्रोग्राममध्ये नर नसतो, मादी नसते, नुसते आकडे धावतात, तुमच्या बैलांसारखे. पण ते कुठंही चुकीच्या दावणीला जात नाहीत, कारण आधी कुणीतरी बघून ठेवलेलं असतं. मी विचारलं, म्हणजे जे नाही त्याच्या आधारावर सगळं उभं? ती म्हणाली, हो. मला ते फार आवडलं. असलं काही मी स्वतः रचून सांगितलं असतं तर लोकांनी टाळी दिली असती. माझी बायको गिरिजा गेली त्याला बरीच वर्षं झाली, पण अजून मी, ती विचारेल म्हणून, रात्रीचं उरलेलं दूध झाकल्याशिवाय झोपत नाही. घरात मांजर नाही. झाकतो.

गिरिजा माझ्या गोष्टी ऐकायची तेव्हा तिच्या पुढ्यात सूप असायचं, डाळीचं किंवा तांदळाचं, आणि खडे निवडणारी बोटं चालू असायची. ती कधी मला खोटं म्हणाली नाही. फक्त एखाद्या जागी बोटं थांबायची. मासा बोलला म्हटलं तरी थांबायची नाहीत. पण मी म्हणालो की मी तिथून थेट घरीच आलो, की थांबायची. तिला नेमकी जागा सापडायची. बोटं थांबली की घरात कसा आवाज व्हायचा! आवाज थांबल्याचा. पडद्यावरची लाल रेघ बघताना मला तेच ऐकू आलं. मी ओळ पुसली, दुसऱ्या तऱ्हेनं लिहिली. रेघ तिथंच. तिसऱ्या तऱ्हेनं लिहिली, गोडीगुलाबीनं, आधी दोन-चार बिनकामाच्या ओळी घालून, जशी मी गोष्ट रंगात आणतो. तपासनीस बधला नाही. आकांक्षानं असं करून ठेवलं होतं की नराचं पाकीट म्हणून जन्माला यायला एकच दरवाजा: ते बी कुठल्या प्लॉटात पिकलं ते दाखवा. दुसरं दार नाही, खिडकीही नाही. पुंजारामचा डावा हात त्या दारातून आत जात नव्हता.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि बेबीनंदा माठातलं पाणी प्यायला वर आली. सराटीकडची. तिचा नवरा तातेराव शेत बघतो आणि ती फुलं खुडणाऱ्या बायांची टोळी चालवते; यंदा त्यांनी स्वतःचा प्लॉट घेतला होता, आणि त्यांची पाकिटं त्याच रॅकात होती.

"जय भीम, अंगदमामा. पाकिटं मिळून राह्यलीत का आज, का पुढच्या साली येऊ?"

"जय भीम. अगं, उंदरांनी नावं खाल्ली. आता उंदरांना पकडून त्यांच्याकडून वाचून घेतोय."

"मंग काय म्हन्तेत उंदीर?"

"एक म्हणतो मी नर खाल्ला. त्याच्या मिशा वाढल्यात."

ती तोंडावर पदर धरून हसली. हसताना तिच्या अंगठ्याचं नख दिसलं, खुडून खुडून एका बाजूला झिजलेलं, कडेला कायमचं पिवळं. मग गडू माठावर पालथा ठेवून ती खिडकीशी उभी राहिली. "मामा, चेष्टा ऱ्हाऊ द्या. बराबर बघून द्या बरं का. आधी ज्या कंपनीत होतो तिथं काय झालं म्हाईत हाये ना? म्या अन् माझ्या बायांनी दोन महिने उन्हातान्हात फुलं लावली. मंग तपासणीत निघालं की बी संकराचं न्हाईच. पाकिटं त्यायनीच चुकीची दिल्ती. पन म्हनले काय? बायांचे हात कच्चे. गावच्या पारावर, चार मान्सात म्हनले. यंदा बी तसं झालं तं माझ्या टोळीला कुनी बांधावर उभं करनार न्हाई." ती खाली गेली. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज बराच वेळ उतरत राहिला, जिना तेवढा लांब नव्हता तरी.

मी आकांक्षाला फोन लावला. ती अंबडच्या पुढं कुठल्याशा शिवारात, दोन प्लॉटांमधलं, पराग उडून मिसळू नयेत म्हणून सोडलेलं अंतर बघायला गेली होती. तिच्या आवाजात वारा शिरत होता. मी सगळं सांगितलं.

"अप्पा, मशीन बरोबर बोलतंय. तुम्हाला माहीत नाही ते नर आहे का."

"पुंजारामला माहीत आहे."

"पुंजारामकाकांना वाटतं. हे बघा, तुम्ही तो शब्द वापरणार नाही ना?"

त्या भाषेत एक शब्द आहे. तो लिहिला की तपासनीस मान खाली घालतो आणि तुम्ही म्हणाल ते खरं धरतो. दगडाला पाकीट म्हणा, पाकीट. तिनं मला तो पहिल्याच दिवशी दाखवला होता आणि म्हणाली होती, याचं खरं नाव काहीही असो, मी याला अप्पावाक्य म्हणते. आणि एक नियम केला होता: ज्याला हा शब्द लिहायचाय त्यानं शेजारी स्वतःचं नाव टाकायचं.

"मी कशाला वापरू?" मी म्हटलं.

"कुठल्या सतरंजीवर बसून बोलताय?" असं म्हणाली आणि वाऱ्यानं फोन तोडला.

ती लहान असताना मी तिला सांगितलं होतं की आपल्या माठात पाणी रोज एका ढगाकडून उसनं येतं. तिनं ते शाळेत सांगितलं. संध्याकाळी आली ती रडली नाही, काही नाही. आतून दोन सतरंज्या ओढत आणल्या, एक निळी, एक तपकिरी, आणि ओसरीत पसरल्या. निळीवर बसून गोष्ट सांगायची, तपकिरीवर बसून खरं. बोलायच्या आधी मी कुठं बसतो ते ती बघायची. मी लबाड, दोन्हींच्या मध्ये बसायचो, एक मांडी इकडं, एक तिकडं. ती गप्पपणे एक सतरंजी हात-दीड हात दूर सरकवायची. दुसऱ्या दिवशी आणखी. शेवटी माणसाचे पाय पुरणार नाहीत एवढं अंतर पडलं. मला वाटायचं, पोरगी माझ्या गोष्टींना कंटाळली. तसं नव्हतं. निळीवर बसलो की ती गुडघ्याला मिठी मारून ऐकायची, मासा काय म्हणाला ते दहादा विचारायची. तिला गोष्ट हवीच होती. फक्त ती गोष्ट पिऊन तहान भागेल असं कुणी तिला सांगायला नको होतं.

अण्णासाहेब पुन्हा आले. "झालं का? ड्रायव्हर वरडून राह्यलाय. जल्दी करा."

"साहेब, एक शब्द लिहिला की होतं. शेजारी जबाबदार माणसाचं नाव टाकावं लागतं. तुमचं टाकू?"

"माझं कशाला? मी काय रॅक लावला का? पुंजारामचं टाका."

पुंजाराम दारातच होता. तो पाऊलभर मागं सरला. "माझं? मी तं अंदाजानं बोल्लो, साहेब."

"मघा तं बिलकुल पक्कं म्हन्ला!"

"अंदाज पक्का हाये म्हन्लं."

"मंग तुमचंच टाका, अंगदराव," अण्णासाहेब म्हणाले. "न्हाई तं एवढा रॅक मागं ठिवा अन् गाडी सोडा. काही बी करा, पन करा." आणि ते फोन कानाला लावून गच्चीकडं गेले.

मी शब्द लिहिला. लहानसा आहे. पुढं माझं नाव लिहिलं. रेघ गेली. पडदा स्वच्छ झाला, शाळेत फळा पुसल्यावर व्हायचा तसा, आणि मला गिरिजाची बोटं पुन्हा चालू झाल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तसं झालं नाही. उलट सूपच नाहीसं झालं. तिथं कुणी ऐकणारंच उरलं नाही. कूलरचं पाणी टपटपत होतं. खिडकीखाली गाडीच्या सावलीत बेबीनंदा बसली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळून सोडत होती, जसं कळी खुडताना फिरवतात तसं. मला तिची सगळी टोळी दिसली, संध्याकाळच्या उन्हात वाकलेली, प्रत्येक कळीवर लाल टोपी चढवणारी. अख्खं शेत लाल टोप्यांचं. आणि एकेका टोपीखाली माझं नाव. मी आजवर हजार ठिकाणी माझा शब्द दिला, पण त्याच्यावर नांगर कुणी चालवला नव्हता.

मी शब्द पुसला. रेघ आली. खरं सांगतो, बरं वाटलं. मग तिला विचारलं, तोंडानं, मोठ्यानंच, बाई, मला काय माहीत आहे ते सांगू का? पाकीट आहे. आत कापसाचं बी आहे. ते नर असेल किंवा मादी असेल. याच्यापुढं मला काही माहीत नाही. आणि मी तसाच एक तिसरा प्रकार लिहिला. त्याला नाव दिलं, अज्ञात. लिहिताना बोट अडखळलं. मला वाटतं हा शब्द मी आयुष्यात कधी वापरलाच नव्हता. माझ्याकडं प्रत्येक गोष्टीचं उत्तर असायचं, नसलं तर रस्त्यात बनवायचो. तपासनिसानं तो प्रकार घेतला. एका क्षणात, कुरकुर न करता. दगडासारखा बसलेला तो, पण अज्ञानाला त्यानं ताबडतोब जागा करून दिली.

आणि मग गंमत सुरू झाली. एक रेघ गेली आणि चारी बाजूंनी नव्या उगवल्या. गाडीच्या यादीत एक: अज्ञात पाकीट गाडीत चढवायचं का? मी लिहिलं, नाही. साठ्यात एक: ते कुठं मोजायचं? वेगळं. प्लॉट बनवायच्या जागी रेघ आलीच नाही, कारण अज्ञातातून प्लॉट बनायला वाटच नव्हती. एक रेघ तपासणीच्या खोलीकडं गेली: रोपं उगवून, पानं बघून ठरवायचं का? हो. त्याला लागतील तेवढे दिवस. मी एकेका खोलीत शिरत होतो, दिवा लावत होतो, पुढं जात होतो. स्वप्नात आपल्याच घरात आपल्याला ठाऊक नसलेल्या खोल्या सापडतात, तसं. तो मला फक्त एवढंच विचारत होता की तुला माहीत नाही हे कबूल, पण मग आता इथं काय करणार? आणि इथं? आणि तिथं? कुठलीही जागा तो विसरत नव्हता. मी विसरलो असतो. शेवटची रेघ शेतकऱ्याला जाणाऱ्या निरोपाखाली होती. नराचं पाकीट निघालं तर काय कळवायचं ते लिहिलेलं होतं, मादीचंही होतं. अज्ञाताचं नव्हतं. बाईला काय सांगणार?

तिथं मी अडलो. निरोप फोनवर जातो, चार शब्दांचा, तो लिहून मोकळं होता आलं असतं. मी चार शब्द लिहिलेही. पडदा शांत झाला. मागचा रॅक सोडून, रेघेमुळं अडून राहिलेली बाकीच्या पाकिटांची लेबलं छापली जायला लागली, प्रिंटर करकरला, पुंजाराम ती गोळा करून खाली पळाला, आणि गाडीचं फाळकं लागल्याचा आवाज आला. अण्णासाहेबांनी गच्चीवरून माझ्याकडं बघितलं, मान हलवली, ती होकाराची की नशिबाची ते कळलं नाही. निरोप अजून गेला नव्हता. तो जायच्या आत मी उठलो.

जिना उतरताना मला मधेच वाटलं की मी विहिरीतच उतरतोय, पण पायऱ्या तापलेल्या होत्या. बाहेर ऊन पांढरं होतं. गाडी निघून गेली होती, तिची सावलीही, आणि बेबीनंदा आता भिंतीला टेकून उभी होती, रिकामी पिशवी काखेत.

"माझी कुठं हायेत?" ती म्हणाली.

"बेबीनंदा, तुझी पाकिटं त्या रॅकात आहेत. नर कुठलं, मादी कुठली, मला माहीत नाही."

ती हसली. माझ्या तोंडाकडं बघत पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. सगळे बघतात तशीच. पुढं मिशावाला उंदीर येईल, मासा येईल.

"बरं, मंग?" ती म्हणाली.

"मग काही नाही. रोपं उगवून बघावी लागतील. तोवर पेरणीची वेळ निघून जाईल. दुसरं पाकीट मिळतं का ते आकांक्षा आल्यावर बघू, पण मिळेलच असं मी म्हणत नाही."

तिचं हसू एकदम गेलं नाही. आधी डोळ्यांतून गेलं, ओठांवर थोडं रेंगाळलं. तिनं कमरेचा फोन काढून तातेरावला लावला. "ऐकलं का, अंगदमामा म्हन्तेत त्यायला म्हाईत न्हाई... नर का मादी ते... न्हाई ओ. हासून न्हाई राह्यले." तिनं पुन्हा माझा चेहरा निरखला, कळी खुडायच्या आधी निरखावी तसा, जवळून. "न्हाई. बिलकुल न्हाई हासून राह्यले."

पलीकडून तातेराव काहीतरी मोठ्यानं बोलला. तिनं फोन माझ्यापुढं धरला.

"त्यांचा इस्वास बसंना. घ्या, तुम्हीच सांगा."

मी फोन कानाला लावला. तिकडं पाण्याचं इंजिन चालू होतं आणि कुणीतरी बैलाला हाकलत होतं; रान ओलवून तयार ठेवलेलं असावं. तातेराव म्हणाला, "बोला अंगदराव, आता ही कोन्ती नवी गोष्ट काढली?" माझ्या जिभेवर दोन-तीन चांगली वाक्यं आली होती. ती मी गिळली आणि त्याला तेवढंच सांगितलं जेवढं मला ठाऊक होतं. मग फोन बेबीनंदाच्या हातात परत दिला. तिकडं ते इंजिन चालूच होतं.